ओसाड शेतवस्तीचे पुरातत्त्व : वाळकी, इनामगाव आणि बागलाणची पांढरी

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनात जमिनीचे दोन प्रकार पूर्वापार मानले गेले आहेत. पिकाऊ जमीन ती ‘काळी’ आणि माणसांच्या वस्तीची जमीन ती ‘पांढरी’. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटत राहिल्या, राख साठली, मातीच्या भिंती पडल्या व पुन्हा उभ्या राहिल्या, गोठ्यातले शेण मातीत मिसळले, म्हणजे त्या जागेच्या मातीचा रंग आणि पोत पालटतो. पुरातत्त्वशास्त्र ज्याला वस्तीचा थर म्हणते, त्याचेच ‘पांढरी’ हे लोकव्यवहारातील नाव होय. माणसे निघून गेली तरी पांढरी मागे राहते. महसुली दप्तरात अशा निर्मनुष्य गावासाठी ‘बेचिराख’ हा शब्द वापरला जातो. ‘जेथे दिवा लागत नाही ते’ असा त्याच्या फारसी मुळाचा अर्थ आहे.

बागलाणचा इतिहास आजवर प्रामुख्याने किल्ल्यांच्या आणि राजघराण्यांच्या अंगाने लिहिला गेला. साल्हेर व मुल्हेर हे दुर्ग, बागूल राजांची सत्ता, १६३८ मध्ये मोगलांनी घेतलेला बागलाणचा ताबा, १६७२ ची साल्हेरची लढाई हे त्यातील ठळक टप्पे आहेत. या घडामोडींचा भार ज्याच्या शेतीवर पडला त्या शेतकऱ्याच्या घराचा, गोठ्याचा व खळ्याचा इतिहास मात्र या लेखनात फारसा येत नाही. असा इतिहास लिहिण्याचे साधन कागदपत्रांपेक्षा मातीत अधिक आहे. ओसाड पडलेल्या शेतवस्तीचे अवशेष काय सांगू शकतात, याचे विवेचन प्रस्तुत निबंधात महाराष्ट्रातील उत्खनित स्थळांच्या आधारे केले आहे. एखादी वस्ती ओसाड कशी झाली, याचे उत्तर बहुधा एकाच आपत्तीच्या रूपाने दिले जाते. अवशेष मात्र वस्ती पायरीपायरीने रिकामी झाल्याचे दाखवतात, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

शेतवस्ती : संज्ञा व स्वरूप

शेतवस्ती म्हणजे गावठाणापासून दूर, शेतातच असलेले एका किंवा मोजक्या कुटुंबांचे राहते ठिकाण. नाशिक जिल्ह्यात यालाच ‘मळा’ किंवा नुसतेच ‘वस्ती’ म्हणतात. अनेक कुटुंबांची मिळून वाडी होते, आणि मूळ गावापासून फुटून झालेल्या वाडीची नोंद महसुली दप्तरात ‘मजरे’ म्हणून होते. म्हणजे शेतवस्ती हा ग्रामरचनेतील सर्वांत लहान घटक आहे.

या लहानपणामुळेच तिचे अवशेष दुर्लक्षित राहतात. गावाची पांढरी टेकाडासारखी उंच दिसते, परंतु एकाच घराची पांढरी शेताच्या पातळीपासून जेमतेम वर येते. दोन-चार नांगरटींत ती सपाट होते आणि खापरांचे तुकडे शेतभर पसरतात. तेथे किल्ला, मंदिर किंवा शिलालेख नसल्याने अभ्यासकाचेही लक्ष तिकडे वळत नाही. पण शेतीचे प्रत्यक्ष काम, धान्याची साठवण, जनावरांची निगा आणि कुटुंबाचा आकार या गोष्टी जितक्या स्पष्टपणे अशा ठिकाणी कळतात, तितक्या मोठ्या नगरावशेषांतही कळत नाहीत.

जोर्वे संस्कृती आणि वाळकीची शेतवस्ती

महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांचा शोध नाशिक परिसरातच आकाराला आला. डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिक येथे आणि संगमनेर तालुक्यातील प्रवराकाठच्या जोर्वे येथे उत्खनन केले. त्यावरून या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव मिळाले. त्यानंतर नेवासे, चांडोली, सोनगाव, दायमाबाद आणि इनामगाव येथील उत्खननांतून तिचे स्वरूप स्पष्ट होत गेले. तांबूस पृष्ठभागावर काळ्या रंगाने नक्षी काढलेली, चाकावर घडवलेली, खणखणीत भाजलेली मडकी ही या संस्कृतीची ओळख होय.

डॉ. म. के. ढवळीकर यांनी या वसाहतींचा विचार आकारमानानुसार केला. प्रकाशे, दायमाबाद आणि इनामगाव ही आपापल्या खोऱ्यातील मोठी केंद्रे, त्यांच्याभोवती लहान गावे आणि सर्वांत शेवटी शेतवस्त्या, अशी ही उतरंड आहे. शेतवस्तीचे उदाहरण म्हणून पुणे जिल्ह्यातील वाळकी या स्थळाचा उल्लेख केला जातो. दौंड तालुक्यात भीमा व मुळा-मुठा यांच्या संगमाजवळ हे ठिकाण आहे. गाळाची सुपीक जमीन आणि जवळच बारमाही पाणी यांमुळे शेतकरी कुटुंबाने ही जागा का निवडली असावी, हे सहज समजते.

वाळकी येथे मिळालेली एक वस्तू विशेष महत्त्वाची आहे. हाडापासून तयार केलेला नांगराचा साधा फाळ तेथे सापडला. ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांना नांगर माहीत होता की ते खणत्या काठीनेच जमीन उकरत होते, हा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत होता. तांबे दुर्मिळ व मौल्यवान असल्यामुळे त्याचा फाळ करणे परवडणारे नव्हते, आणि लोखंडाचा वापर अद्याप सुरू झाला नव्हता. लाकूड नष्ट होते, परंतु हाड टिकते. या एका वस्तूमुळे नांगरटीचा प्रत्यक्ष पुरावा हाती आला. तो मिळाला एका लहान शेतवस्तीत, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. शेतीची अवजारे जेथे वापरली जातात तेथेच मोडतात आणि तेथेच टाकली जातात.

इनामगाव : वस्ती रिकामी होण्याची प्रक्रिया

शेतवस्ती ओसाड कशी होते हे समजून घेण्यासाठी एका घरापेक्षा घरांची दीर्घ मालिका पाहावी लागते. ती इनामगावात उपलब्ध आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या स्थळाचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. डॉ. सांकळिया, डॉ. झैनुद्दीन अन्सारी आणि डॉ. ढवळीकर यांचे नेतृत्व या कामाला लाभले, आणि त्याचा विस्तृत अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे शंभराहून अधिक घरांचे अवशेष उघडे करण्यात आले. वस्तीचे तीन कालखंड मानले जातात : माळवा (इ.स.पू. सुमारे १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (इ.स.पू. सुमारे १४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (इ.स.पू. सुमारे १००० ते ७००).

पूर्व जोर्वे काळातील घरे आयताकार व प्रशस्त होती. मातीच्या बुटक्या भिंती, त्यांवर कुडाचे बांधकाम आणि वर गवती छप्पर अशी त्यांची रचना होती. घरे ओळीने बांधलेली असून दोन घरांमध्ये मोकळी जागा सोडलेली होती. धान्य साठवण्यासाठी जमिनीत पेवे होती आणि कणग्या ठेवण्यासाठी मातीचे गोल ओटे होते. गावप्रमुखाचे मानले गेलेले घर पाच खोल्यांचे असून त्याला लागूनच धान्याचे कोठार होते. कुंभार व इतर कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला होती. नदीच्या पुराचे पाणी शेताकडे वळवण्यासाठी पाट खोदण्यात आला होता आणि त्यालगत बांध घातला होता. बार्ली हे मुख्य पीक असून त्याच्या जोडीला गहू आणि मसूर, वाटाणा, लाख यांसारखी कडधान्ये होती.

इ.स.पू. १००० च्या सुमारास हे चित्र पालटू लागते. आयताकार घरांच्या जागी लहान, गोल झोपड्या येतात. त्या तीन-चारच्या पुंजक्यांनी उभ्या असून एका कुटुंबाचा संसार बहुधा एका पुंजक्यात विभागलेला असावा. मडक्यांची घडण व नक्षी यांत कसूर दिसू लागते. आहारात शिकारीचा वाटा वाढतो. इ.स.पू. ७०० च्या सुमारास वस्ती पूर्णपणे ओसाड होते.

येथे कालावधीकडे लक्ष देणे आवश्यक आहे. घरांचा आकार बदलल्यापासून वस्ती संपेपर्यंत सुमारे ३०० वर्षे गेली, म्हणजे किमान दहा-बारा पिढ्या. या पिढ्यांनी घर लहान केले, आहार बदलला, साठवण कमी केली, पण जागा सोडली नाही. या चिकाटीचे कारण अंशतः त्या घरांच्या जमिनीखालीच दडलेले असावे. इनामगावात मृतांना घराच्या जमिनीखाली पुरण्याची प्रथा होती. लहान मुलांचे दफन दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवून त्यांत केले जात असे. ज्या घराच्या सारवलेल्या जमिनीखाली आपली लेकरे विसावली आहेत, ते घर सोडणे म्हणजे केवळ दुसरीकडे राहायला जाणे नव्हते.

कारणमीमांसा : दुष्काळ एकटाच दोषी आहे काय?

डॉ. ढवळीकर यांनी या बदलाचे मुख्य कारण हवामानात शोधले. इ.स.पू. पहिल्या सहस्रकाच्या आरंभी पर्जन्यमान घटले, शेती तोट्यात गेली आणि शेतकऱ्यांना अर्धभटके जीवन स्वीकारावे लागले, असे त्यांचे मत होते. अवर्षणप्रवण प्रदेशातील वाचकाला ही उपपत्ती सहज पटते आणि तिला पुरातत्त्वीय आधारही होता.

पुढील संशोधनाने या उपपत्तीला काही प्रश्न विचारले. शीना पांजा यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात इनामगावच्या अवशेषांच्या मांडणीचा फेरविचार केला आणि लोकांच्या स्थलांतरशील जीवनपद्धतीकडे लक्ष वेधले. ग्वेन रॉबिन्स शुग यांच्या २०११ मधील ग्रंथात नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील लहान मुलांच्या अस्थींचा अभ्यास आहे. उत्तर जोर्वे काळातील इनामगावच्या मुलांची वाढ खुंटल्याच्या खुणा त्यांना आढळल्या. कोरडे हवामान या प्रदेशात त्यापूर्वीच स्थिरावले होते आणि जमिनीवर पडलेला शेतीचा ताण हाही या ऱ्हासामागील महत्त्वाचा घटक होता, अशी त्यांची मांडणी आहे.

या मतभेदाचा निकाल लावणे हा येथील हेतू नाही. दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट अशी की ऱ्हास लांबलेला होता आणि त्याच्या खुणा घर, आहार व अस्थी यांत वेगवेगळ्या वेळी उमटल्या. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील व्हॅरम पर्सी या ओसाड गावाचा दाखला येथे उपयुक्त आहे. मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांनी तेथे १९५० पासून १९९० पर्यंत चाळीस वर्षे काम केले. अशी गावे चौदाव्या शतकातील प्लेगच्या महामारीने उजाड झाली, असा सर्वसाधारण समज होता. उत्खनन आणि कागदपत्रे यांवरून मात्र असे दिसले की गाव महामारीनंतरही दीड शतक टिकले. शेतीपेक्षा मेंढपाळी जमीनमालकांना अधिक लाभाची वाटू लागल्यावर, १५०० च्या सुमारास शेवटची कुटुंबे तेथून गेली. महामारीने गाव खिळखिळे केले, पण ते रिकामे केले जमिनीच्या बदललेल्या अर्थकारणाने.

बागलाणच्या शेजारी : कावठे

बागलाणच्या उत्तरेस लागून असलेल्या साक्री तालुक्यात कावठे हे उत्खनित स्थळ आहे. डॉ. ढवळीकर, डॉ. वसंत शिंदे आणि डॉ. शुभांगना अत्रे यांनी त्याचा अहवाल १९९० मध्ये प्रसिद्ध केला. ही वस्ती जोर्वेपूर्व काळातील, सावळदा संस्कृतीची आहे. तापीकाठच्या सावळदे या गावावरून या संस्कृतीला हे नाव मिळाले. कावठे येथे जमिनीत खोदलेल्या खड्ड्यांवर छप्पर घालून केलेल्या घरांचे अवशेष मिळाले. वस्तीचा थर पातळ असून येथील लोक वर्षातील काही काळच या जागी राहत असावेत, असे अनुमान करण्यात आले.

कावठ्याचे उदाहरण ‘ओसाड’ या शब्दाचाच पुनर्विचार करावयास लावते. जेथे माणसे हंगामापुरती राहतात, तेथे वस्ती रिकामी होणे हा जगण्याच्या रीतीचा भाग असतो. बागलाणच्या पश्चिम डोंगराळ भागात शेताच्या राखणीसाठी हंगामात घातलेली खोपटी पीक निघाल्यावर रिकामी होतात. शेकडो वर्षांनंतर अशा खोपटाची चूल उकरणाऱ्याने तेथे दुष्काळ पडला होता असे म्हटले, तर ते चुकीचे ठरेल. म्हणून जागा किती काळ वसलेली होती आणि किती वेळा सोडली गेली, हे ठरवल्याशिवाय ती का सोडली, या प्रश्नाकडे वळता येत नाही.

बागलाणातील ओसाड वस्त्या

अलीकडच्या काळाकडे वळल्यास बागलाणात वस्त्या उठण्याची अनेक निमित्ते इतिहासात नोंदलेली आहेत. १६३०-३२ च्या दुष्काळाने गुजरात, खानदेश व दख्खन होरपळून निघाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फौजांची व पेंढाऱ्यांची लूट आणि १८०३-०४ चा दुष्काळ या प्रदेशावर एकापाठोपाठ कोसळले. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल सुरू झाला तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्या हाती आलेल्या खानदेशात असंख्य गावे ओसाड होती. बागलाण त्या वेळी खानदेशात मोडत असे. १८६९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर तो नाशिककडे आला. पुढे १८७६-७८ चा आणि १८९९-१९०० चा ‘छप्पन्नचा’ दुष्काळ यांनी पुन्हा हाच अनुभव दिला.

कागदपत्रांत गाव एका वर्षी ‘बेचिराख’ म्हणून नोंदले जाते. ही नोंद सारा आकारण्यासाठी असते. सारा बंद झाला की गाव संपले, एवढेच तिला सांगायचे असते. पहिले कुटुंब केव्हा गेले, शेवटचे किती वर्षे तग धरून राहिले, जमीन पडीक झाली की शेजारच्या गावातून कसली जात राहिली, हे तिच्यातून कळत नाही. येथेच पांढरीचा पुरावा मोलाचा ठरतो.

बागलाणच्या सिंचनव्यवस्थेमुळे या अभ्यासाला एक वेगळे परिमाण लाभते. तापी खोऱ्यातील पांझरा, मोसम व आरम या नद्यांवरील फड पद्धती प्रसिद्ध आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटातून चाऱ्या आणि लाभक्षेत्राचे ‘फड’ नावाचे मोठे तुकडे, अशी ही रचना असते. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, पाण्याची पाळी पाटकऱ्याने ठरवायची आणि राखण जागल्याने करायची, असा सामूहिक शिस्तीचा दंडक आहे. सटाणा हे आरमच्या काठीच वसलेले आहे. फडाच्या क्षेत्रात शेतकरी गावठाणात राहून शेती करीत असावेत आणि विहिरीच्या बागायतीत मात्र मळ्यात राहणे सोयीचे ठरत असावे, असे गृहीतक मांडता येते. ओसाड मळ्यांच्या जागा आणि जुने पाट एकाच नकाशावर दाखवल्यास हे गृहीतक तपासता येईल.

मळ्यातील जुन्या घराचा जीव विहिरीवर होता. मोट ओढणाऱ्या बैलांची उतरती धाव, मोटेचे पाणी पडणारे थारोळे आणि तेथून निघणारा पाट हे त्याचे ठळक अवशेष होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेलावरचे व विजेवरचे पंप आले आणि मोटा थांबल्या. मोट थांबल्याने बैलांची संख्या घटली, गोठे रिकामे झाले, सालदाराची खोली पडली. घर मात्र त्यानंतरही काही वर्षे नांदते राहिले असेल. म्हणजे इनामगावात दिसलेला क्रम येथेही आढळू शकतो : प्रथम संसाराचा आकार आक्रसतो आणि मग घराचा दिवा जातो.

अवशेषांचे वाचन

ओसाड शेतवस्तीचे निरीक्षण करताना घरासोबत त्याचा संपूर्ण परिसर पाहिला पाहिजे. मेढी रोवल्याचे खळगे, चुलीची भाजलेली माती, सारवणाचे एकावर एक आलेले पापुद्रे, कणगीचा ओटा, पेव, गोठ्याची जागा, खळ्याची चोपलेली जमीन, तिच्या मध्यभागी तिवडा रोवण्याचा खळगा, उकिरडा आणि विहीर हे सारे मिळून शेतवस्ती होते. उकिरड्याचे महत्त्व विशेष आहे. घर झाडून लोटून स्वच्छ केले जाते, त्यामुळे मोडक्या वस्तू, हाडे व जळके धान्य हा पुरावा घरापेक्षा उकिरड्यात अधिक टिकतो.

अमेरिकन पुरातत्त्वज्ञ मायकेल शिफर यांनी १९७० च्या दशकापासून मांडलेला विचार येथे मार्गदर्शक आहे. वापर संपल्यावर टाकलेल्या वस्तू आणि जागा सोडताना मागे राहिलेल्या वस्तू यांत भेद केला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे. आग किंवा पूर यांमुळे घाईने सोडलेल्या घरात वापरातली भांडी व साठवलेले धान्य जागच्या जागी सापडते. सावकाश सोडलेल्या घरात जड जाते, फुटका रांजण व उखळ तेवढे राहते. आपल्याकडे घर मोडताना तुळया, चौकटी व दारे काढून नेण्याची रीत आहे. त्यामुळे लाकडाचा अभाव हा दारिद्र्याचा पुरावा मानता येत नाही. उलट नवे घर दुसरीकडे उभे राहिल्याची ती खूण असू शकते.

संरक्षणाचा प्रश्न

१९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियमाने किमान शंभर वर्षे जुन्या अवशेषांचा विचार केला आहे. प्रत्यक्षात मात्र संरक्षण मिळते ते अधिसूचित झालेल्या स्थळांना, आणि लहान शेतवस्त्या त्या यादीपर्यंत पोहोचत नाहीत. दुसरीकडे पांढरीची माती खत म्हणून शेतात टाकण्याची व घराच्या धाब्यावर घालण्याची जुनी चाल आहे. पूर्वी ही माती टोपल्यांनी व बैलगाडीने जात असे. आता यंत्राने अख्खे टेकाड एका दिवसात सपाट होऊ शकते. डाळिंब, द्राक्ष व कांदा या नगदी पिकांसाठी जमिनीचे सपाटीकरण करणाऱ्या शेतकऱ्याला यात दोष देता येणार नाही, कारण त्या जागेचे मोल त्याला कोणी सांगितलेले नसते. सर्व जागा राखणे शक्य नसले, तरी त्या नष्ट होण्यापूर्वी नोंदवणे शक्य आहे. जागेचा नकाशा, छायाचित्रे, पृष्ठभागावरील खापरांची जागच्या जागी नोंद आणि परिसरातील वृद्धांच्या आठवणींचे टिपण एवढे काम इतिहास व भूगोल विभागांच्या विद्यार्थ्यांना उत्खननाशिवाय करता येते. उत्खनन मात्र परवानगी व प्रशिक्षण यांशिवाय कोणीही करू नये.

निष्कर्ष

१) शेतवस्ती हा ग्रामरचनेतील सर्वांत लहान घटक असला तरी शेतीच्या तंत्राचा प्रत्यक्ष पुरावा तेथे मिळू शकतो. वाळकीचा हाडाचा फाळ हे त्याचे उदाहरण होय.

२) इनामगावच्या घरांवरून असे दिसते की वस्ती ओसाड होण्यापूर्वी सुमारे ३०० वर्षे लोक बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेत राहिले. तेथील ऱ्हासाचे स्पष्टीकरण केवळ एका दुष्काळाने होत नाही.

३) कावठ्यासारख्या हंगामी वस्तीत जागा सोडणे हा जीवनक्रमाचाच भाग असू शकतो. म्हणून प्रत्येक रिकाम्या जागेचा अर्थ आपत्ती असा लावता येत नाही.

४) ‘बेचिराख’ ही महसुली नोंद प्रक्रियेचा शेवटचा क्षण सांगते. त्याआधीच्या पायऱ्या पांढरीच्या मातीतून शोधाव्या लागतात.

५) आरम व मोसम खोऱ्यांतील ओसाड मळे, जुन्या विहिरी, पाट व बंधारे यांची एकत्रित नोंद झाल्यास बागलाणच्या कृषिइतिहासाला भक्कम आधार मिळेल. सपाटीकरणाचा आजचा वेग पाहता हे काम पुढील पिढीवर सोपवता येण्यासारखे नाही.